हिवाळ्यासाठी घर सज्ज करताना मर्यादित पैसा आधी कुठे खर्च करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घर जुने आहे, खिडक्यांना एकेरी काच आहे, घरात एक वृद्ध व्यक्ती आणि एक तान्हे मूल आहे, कडाक्याची थंडी पडायला काही आठवडे उरले आहेत आणि हाताशी असलेल्या रकमेत एक तर दोन चांगले हीटर येतील किंवा एखाद-दुसरी खिडकी बदलून होईल, तर यांपैकी काय निवडावे? घरातील उष्णता कुठून निसटते हे शोधून ती वाट बंद करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि माझे उत्तर असे आहे की तूर्त या दोहोंपैकी काहीही घेऊ नये. हीटर ही यादीतील शेवटची खरेदी आहे, कारण तो किती मोठा लागेल हे घरातून किती उष्णता निसटते यावर ठरते; आणि नवी खिडकी ही बहुतेक घरांत सर्वांत महाग असूनही खर्चाच्या मानाने सर्वांत कमी फळ देणारी दुरुस्ती असते. ही रक्कम आधी फटींवर, मग छतावर, मग असलेल्या खिडकीच्या दुसऱ्या आवरणावर आणि सरतेशेवटी अंथरुणावर खर्च करावी.

हे नुसते मत वाटू नये म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, तिची लांब बाजूची एक भिंत बाहेरच्या हवेला लागून आहे, त्या भिंतीत २ चौरस मीटरची एकेरी काचेची खिडकी आहे आणि वर कोणताही उष्णतारोधक थर नसलेले छत आहे, असे समजू. बाहेर ६ अंश सेल्सिअस आणि आत १८ अंश, म्हणजे १२ अंशांचा फरक राखायचा आहे. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सुमारे ५.७ वॅट उष्णता बाहेर जाते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून सुमारे २ वॅट आणि उघड्या छतातून २.३ वॅटच्या आसपास. या हिशेबाने खिडकीतून १३७ वॅट, भिंतीतून २४० वॅट आणि छतातून सुमारे ३३० वॅट जातात. राहिली हवा. फटी असलेल्या जुन्या घरात खोलीतील सगळी हवा तासाला तीन वेळा बदलणे मुळीच विशेष नाही, आणि तेवढ्या गार हवेला तापवण्यासाठी सुमारे ४३० वॅट लागतात. एकूण बेरीज ११३५ वॅटच्या घरात जाते. तिच्यात खिडकीच्या काचेचा वाटा जेमतेम आठवा भाग आहे आणि फटींचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे, हे लक्षात घ्यावे.

आता फटी बुजवून हवा तासाला एकदाच बदलेल असे केले, छतावर ५० मिलिमीटरचा रोधक थर घातला आणि खिडकीला आतून दुसरे पारदर्शक आवरण लावले, तर हवेपायी १४३, छतापायी ८६, खिडकीपायी सुमारे ६७ आणि न बदललेल्या भिंतीपायी तेच २४० वॅट जातील. बेरीज ५३५ च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. आठ तासांचा वापर धरला तर नऊ युनिटांच्या जागी सव्वाचार युनिट. शांत बसलेले माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देत असते, त्यामुळे दोन माणसे खोलीत असतील तर हीटरवर येणारा बोजा आणखी हलका होतो. आपले घर या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाही. मधल्या मजल्यावरच्या घराला छताचा प्रश्नच नसतो, तर दोन बाजूंनी उघड्या असलेल्या कोपऱ्यातील खोलीत भिंतींचा वाटा फार वाढतो. तरीही प्राधान्याचा क्रम ठरवायला असा अर्ध्या पानाचा हिशेब पुरेसा असतो.

या क्रमाला एकच अपवाद आहे आणि तो पैशाचा नसून जिवाचा आहे. घरात लाकूड, कोळसा, रॉकेल किंवा गॅस जाळून ऊब मिळवली जात असेल, किंवा पाणी तापवायला गॅसचा गीझर असेल, तर पहिला खर्च धुराडे साफ करून घेण्यावर, गीझरचा धूर बाहेर जाण्याची वाट तपासून घेण्यावर आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर बसवण्यावर व्हावा. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे अशी त्याची सुरुवातीची लक्षणे साध्या आजारपणासारखीच वाटतात आणि झोपलेल्या माणसाला तर ती जाणवतही नाहीत. फटी बुजवल्यावर हा धोका वाढतो, कारण आतापर्यंत नकळत आत येणारी ताजी हवाही बंद होते. म्हणून जिथे ज्वाला जळते त्या खोलीतील कायमचा हवेचा झरोका कधीही बुजवू नये. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवणे आणि स्वयंपाकाचा गॅस खोली तापवण्यासाठी पेटता ठेवणे या दोन्ही गोष्टी पूर्णपणे वर्ज्य मानाव्यात. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे चालते हा समज जीवघेणा आहे.

आता फटींकडे येऊ. वारा असलेल्या दिवशी सगळी दारे-खिडक्या बंद करावीत, पंखे थांबवावेत आणि पेटती उदबत्ती चौकटींच्या कडेने, दाराच्या तळाशी, वीजतारा व नळ भिंतीतून जातात तिथे आणि छत भिंतीला मिळते त्या सांध्यापाशी हळूहळू फिरवावी. पडदे मात्र आधी बाजूला बांधावेत. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. खडूने तिथेच खूण करावी. खिडकीचे झडप नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी एक कागद मध्ये धरून ते बंद करावे. कागद सहज ओढून निघाला तर तिथे पट्टीची गरज आहे. तपासणी खालच्या बाजूइतकीच वरच्या बाजूलाही करावी, कारण तापलेली हवा वर चढून वरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला गार हवा खालून ओढली जाते. लोकांना दाराखालून येणारा झोत जाणवतो म्हणून ते तेवढीच फट बुजवतात, पण माळ्याचे झाकण, छतातील दिव्यांची भोके आणि न वापरली जाणारी धुराड्याची वाट उघडी राहिली तर घर दुसऱ्या कुठून तरी हवा ओढतच राहते. फट बारीक दिसते म्हणून तिला कमी लेखू नये : ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली ५ मिलिमीटरची फट असेल तर ती दारात जवळजवळ ७ सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भोक पाडण्याइतकीच आहे.

बुजवण्याच्या साहित्यात स्वस्त आणि महाग यांतील फरक समजून घेणे इष्ट ठरते. चिकटणारी फोमची पट्टी सर्वांत स्वस्त असते, परंतु ती एक-दोन हिवाळ्यांत दबून चपटी होते. रोज उघडल्या जाणाऱ्या दाराला रबराची, आतून पोकळ असलेली पट्टी लावावी आणि फोम क्वचित उघडणाऱ्या खिडकीसाठी ठेवावा. सरकत्या खिडकीला ब्रशसारखी केसाळ पट्टी लागते, कारण रबर तिथे अडते आणि फाटते. दाराच्या तळाला पट्टी ठोकण्याइतकेही पैसे नसतील तर जुन्या पँटचा पाय कापून त्यात चिंध्या भराव्यात आणि दोन्ही टोके शिवून तो रोल दाराशी ठेवावा. तो तितकेच चांगले काम करतो, फक्त रात्री कुणी अडखळून पडणार नाही एवढे पाहावे. न हलणाऱ्या सांध्यांसाठी, म्हणजे चौकट आणि भिंत यांमधील भेगेसाठी, सीलंट वापरावे, आणि काचेभोवतीची लांबी, म्हणजे काच पक्की बसवणारी पुट्टी, वाळून सुटली असेल तर ती खरवडून नवी भरावी. चिकट पट्ट्या आणि सीलंट ओल्या, धुळकट किंवा फार गार पृष्ठभागावर धरत नाहीत. हे काम थंडी पडण्याआधीच, कोरड्या दुपारी, पृष्ठभाग पुसून उरकावे असे मी सांगतो ते याचसाठी. ऐन गारठ्यात चिकटवलेली पट्टी आठवडाभरात लोंबू लागते आणि दोष मात्र पट्टीला दिला जातो. उंदीर आणि झुरळे याच वाटांनी येत असतात, तेव्हा हा खर्च अशा रीतीनेही थोडा वसूल होतो.

काय बुजवू नये हेही तितकेच स्पष्ट असावे. स्वयंपाकघरातील आणि न्हाणीघरातील हवा बाहेर टाकणारी जाळी किंवा पंखा, ज्वाला जळणाऱ्या खोलीतील झरोका, लाकडी फरशीखालून हवा खेळवणाऱ्या जाळ्या आणि माळ्याच्या कडेची हवेची वाट यांना हात लावू नये. प्रत्येक खोलीत किमान एक खिडकी सहज उघडता येईल अशी ठेवावी. आग लागली तर तीच बाहेर पडण्याची वाट असते.

छताचे काम आपल्या घरी लागू असेल तर त्यात पहिला थर सर्वांत मोलाचा असतो. वरील उदाहरणात पहिल्या ५० मिलिमीटरने छतातून होणारी गळती जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटते; त्यावर आणखी ५० मिलिमीटर घातले तर राहिलेल्यातील निम्म्याच्या आसपास वाचते, आणि त्यापुढचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी देतो. म्हणून पैसा अपुरा असेल तर एका खोलीवर जाड थर घालण्यापेक्षा सगळ्या वापरत्या खोल्यांवर पातळ पण सलग थर घालावा, आणि कोपरे मोकळे सोडू नयेत. माळा असेल तर खनिज लोकरीच्या गुंडाळ्या स्वतः अंथरता येतात; मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे घालावेत, तुळयांवरच पाय ठेवावा आणि वीजतारा व दिव्यांचे मागचे भाग थराखाली गाडू नयेत, कारण तिथे उष्णता साठते. पत्र्याच्या छताखाली, हवेची पोकळी सोडून, तक्त्यांचे दुसरे छत केले तर रात्री पत्र्यावरून टपकणारे पाणीही अंगावर येत नाही. सपाट काँक्रीटच्या छताला बाहेरून थर देणे उत्तम, पण ते खर्चिक आहे आणि पहिल्याच हिवाळ्यात करायचे काम नव्हे. थर्माकोलचे तक्ते उघडे चिकटवण्याचा मोह पुष्कळांना होतो. ते झटकन पेट घेतात आणि त्यांचा धूर विषारी असतो, त्यामुळे वर आगीत टिकणारा तक्ता लावणे शक्य नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

छतातून पाणी गळत असेल तर मात्र ही सारी चर्चा थांबवून आधी ती गळती काढावी. उष्णतारोधक थर अंगात अडकवलेल्या स्थिर हवेच्या बळावर काम करतो, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २४ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेला थर छतावर असून नसल्यासारखा असतो.

खिडक्यांबाबत आपण आधीच चौकशी केली असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. दुहेरी काचेच्या खिडकीचा लाभ दुसऱ्या काचेपेक्षाही दोन काचांमधील स्थिर हवेमुळे मिळतो, आणि ती पोकळी स्वस्तातही निर्माण करता येते. आतल्या बाजूने चौकटीला दुतर्फी टेप लावून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पडदा ताणावा. केस वाळवण्याच्या यंत्राने तो तापवला की सुरकुत्या जाऊन काचेसारखा ताठ होतो. काच आणि पडदा यांत १५ ते २० मिलिमीटर अंतर असेल तर उत्तम. याहून टिकाऊ उपाय म्हणजे ॲक्रिलिकचा तक्ता चुंबकी पट्टीवर बसवणे, जो उन्हाळ्यात काढून ठेवता येतो. ज्या खिडकीतून बाहेर पाहायचे नसते तिला काच किंचित ओली करून बबल रॅप चिकटवला तरी चालतो. दिसायला तो ओबडधोबड असतो, पण न्हाणीघराच्या किंवा जिन्याच्या खिडकीकडे कोण पाहतो? हिस्टॉरिक स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेसाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने २००८ मध्ये एकेरी काचेच्या जुन्या लाकडी खिडकीवर चाचण्या घेतल्या होत्या. त्यांत जाड पडद्याने काचेतून जाणारी उष्णता १४ टक्क्यांनी, आतील लाकडी झडपांनी ५१ टक्क्यांनी आणि आतून बसवलेल्या दुसऱ्या आवरणाने ६३ टक्क्यांनी कमी झाली. आपल्या खिडक्यांना जुन्या लाकडी झडपा असतील आणि त्या रंगाच्या थरांखाली अडकून पडल्या असतील, तर त्या सोडवून बिजागऱ्यांना तेल देणे हा मला ठाऊक असलेल्या सर्वांत किफायतशीर खर्चांपैकी एक आहे.

पडद्यांचे आकडे फार उत्साहवर्धक नसले तरी पडदे टाळू नयेत, कारण गार काचेसमोर बसलेल्या माणसाचे अंग काचेकडे उष्णता फेकत असते आणि पडदा ते थांबवतो. पडदा खिडकीच्या पट्टीला किंवा जमिनीला टेकलेला आणि बाजूंनी भिंतीला लागलेला असावा. अधांतरी पडद्यामागून गार हवा धबधब्यासारखी खाली उतरते. नवे जाड पडदे घेण्याऐवजी जुन्या पडद्यांना मागून एखादी जुनी चादर किंवा पातळ कांबळे शिवावे. दिवसा मात्र हेच पडदे पूर्ण उघडले पाहिजेत. हिवाळ्यात सूर्य आकाशात खाली असतो, त्यामुळे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या उभ्या काचेवर ऊन जवळजवळ सरळ पडते. निरभ्र दुपारी प्रत्येक चौरस मीटर काचेतून काही शे वॅट उष्णता फुकट आत येते. काचा धुणे, समोरची वाढलेली फांदी छाटणे आणि ऊन कलताच पडदे ओढणे, यांना पैसा लागत नाही.

एवढे झाल्यावर संपूर्ण घर तापवण्याचा विचार सोडून द्यावा. वृद्ध व्यक्ती आणि बाळ ज्या खोलीत दिवसाचा बहुतेक वेळ असतील ती एक खोली निवडावी : शक्यतो लहान, बुटक्या छताची, उन्हाच्या बाजूची आणि कमीत कमी बाह्य भिंती असलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे असे म्हटले असून, वृद्ध, लहान मुले आणि दीर्घ आजारी यांच्यासाठी याहून थोडे अधिक लागू शकते असेही नमूद केले आहे. त्या खोलीत साधा तापमापक टांगावा, कारण वयोवृद्धांना थंडी उशिरा जाणवते आणि मला गार वाटत नाही या त्यांच्या उत्तरावर विसंबता येत नाही. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली जाणे ही वैद्यकीय आणीबाणी असते. बोलणे जड होणे, गोंधळल्यासारखे वागणे, ग्लानी येणे आणि आधी होत असलेले थरथरणे थांबणे ही तिची चिन्हे आहेत. तरुणांनी बसायच्या खोलीत दोन अंश कमी ठेवायला हरकत नाही : बाहेर ८ आणि आत २० असताना तापमान १८ वर आणले तर फरक १२ वरून १० वर येतो आणि खर्च सहाव्या भागाने घटतो.

या खोलीची मांडणीही बदलावी. पलंग बाहेरच्या भिंतीपासून दूर आतल्या भिंतीशी न्यावा आणि बाहेरच्या भिंतीशी पुस्तकांचे किंवा कपड्यांचे कपाट आणावे, परंतु भिंत आणि कपाट यांत चार-पाच सेंटिमीटर मोकळे ठेवावेत, अन्यथा मागे बुरशी धरते. फरशीवर सतरंजी, जुने गालिचे, त्यांखाली वर्तमानपत्रांचे थर असे काहीही चालते. पाय गार असतील तर हवा २० अंशांवर असूनही माणूस कुडकुडत राहतो आणि हीटर वाढवत नेतो.

हीटर निवडताना जाहिरातीतील तपशिलांत अडकू नये. विजेच्या तारेतून उष्णता देणारा कोणताही हीटर, तेलाचा असो, पंख्याचा असो वा लाल सळ्यांचा, एका युनिटमागे सारखीच उष्णता देतो. फरक केवळ ती कशी पसरते यात असतो. थोडा वेळ एकाच जागी बसणाऱ्यासाठी समोरून ऊब फेकणारा हीटर योग्य, तर रात्रभर बंद खोलीत, विशेषतः बाळाजवळ, आपोआप बंद-चालू होणारा तेलाचा हीटर अधिक सुरक्षित. आपल्याकडे गरम हवा देऊ शकणारा वातानुकूलक आधीच असेल तर नवा हीटर घेऊच नये, कारण असे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणत असल्याने सौम्य थंडीत एका युनिटमागे साधारण तीन युनिटांइतकी ऊब देते; फक्त त्याची जाळी धुऊन घ्यावी. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणून तो मोठ्या क्षमतेच्या भिंतीवरील सॉकेटलाच लावावा, एक्स्टेन्शन बोर्डाला कदापि नाही. प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट सैल आहे असे समजून वापर थांबवावा. पडदे, अंथरूण आणि कपडे यांपासून एक मीटर अंतर राखावे, आणि हीटरवर कपडे वाळत घालू नयेत. नळ्यांतून गरम पाणी फिरवणारी मध्यवर्ती व्यवस्था असेल तर थंडीआधी तिची देखभाल करून घ्यावी, तापकांतील, म्हणजे खोल्यांतील रेडिएटरमधील, अडकलेली हवा काढावी आणि त्यांच्यापुढचे सामान हलवावे.

रात्रीचा खर्च वाचवायचा तर खोलीऐवजी अंथरूण तापवावे. ८० वॅटचे विजेचे पांघरूण आठ तासांत साधारण पाऊण युनिटाहूनही कमी वीज घेते, तर १५०० वॅटचा हीटर अर्ध्या तासातच तेवढी वीज संपवतो. लोक पांघरुणावर पांघरूण चढवतात, पण अंगाखालचा थर वजनाने दबलेला असतो आणि थंडी तिथूनच चढते. म्हणून गादीवर आधी एक जाड गोधडी अंथरावी. वर एका जड रजईपेक्षा दोन-तीन हलकी पांघरुणे बरी, कारण त्यांच्यामध्येही हवा अडकते. विजेचे पांघरूण दुमडून ठेवू नये, गुंडाळून ठेवावे, आणि तार चुरगळलेली किंवा जळाल्याचा डाग असलेले वापरू नये. गरम पाण्याच्या रबरी पिशवीत उकळते पाणी भरू नये. ती दोन तृतीयांश भरून हवा दाबून काढावी आणि कापडात गुंडाळावी. बाळासाठी मात्र यांपैकी काहीच वापरू नये : वर्षाखालील मुलाच्या अंथरुणात सैल पांघरुणे, उशा, गरम पिशवी किंवा विजेची चादर असू नये, झोपेत त्याचे डोके झाकू नये, आणि ऊब अंगात घालायच्या झोपण्याच्या पोशाखाने व खोलीच्या तापमानाने राखावी.

घर बंदिस्त केल्यावर दोन-तीन आठवड्यांत खिडक्यांवर पाणी जमू लागले तर पट्ट्या उपटू नयेत. हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. उपाय म्हणजे हवेतील बाष्प कमी करणे. भांड्यांवर झाकण ठेवावे, स्वयंपाक आणि अंघोळ यांनंतर त्याच खोलीचा पंखा किंवा खिडकी दहा मिनिटे उघडावी आणि तेवढा वेळ मधले दार बंद ठेवावे. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडल्या तर हवा बदलते आणि भिंती मात्र फारशा गार होत नाहीत. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नयेत, कारण एक लीटर पाणी वाळताना सुमारे ०.७ युनिट उष्णता शोषून घेते, आणि ती आपल्याच हीटरची असते. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर बुरशी सहसा धरत नाही.

आपल्या भागात रात्री तापमान शून्याखाली जात असेल तर नळांचेही पाहावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांमध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप फुटतो. बाहेरच्या भिंतीवरील, माळ्यातील आणि गॅलरीतील पाइपांना फोमच्या नळ्या चढवाव्यात, वाकणे आणि सांधे मोकळे सोडू नयेत, अंगणातील नळाचे पाणी आतून बंद करून तो रिकामा करावा आणि घराचा मुख्य नळ कुठे आहे व तो फिरतो की नाही हे आजच पाहून ठेवावे. कडक थंडीच्या रात्री नळाची बारीक धार चालू ठेवली तर दाब साचत नाही. गोठलेला पाइप नळाच्या टोकाकडून मागे मागे, गरम फडक्याने वितळवावा. त्याला ज्वाला लावू नये. गरम पाण्याच्या टाकीला जाड आवरण घालावे, पण साठवणीचे तापमान ६० अंशांखाली आणू नये, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. अंगावर घेण्याआधी मात्र ते पाणी गार पाण्यात मिसळलेच पाहिजे. बचत अंघोळीचा वेळ कमी करून होते : मिनिटाला ८ लीटर सोडणाऱ्या शॉवरखाली पाच मिनिटे वाचवली तर सव्वा युनिटाच्या आसपास वीज वाचते.

खर्च टप्प्याटप्प्याने करावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर मीटरकडे पाहावे. कामापूर्वी आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरचा आकडा आणि बाहेरचे तापमान लिहून ठेवावे, आणि पट्ट्या लावल्यावर तेवढ्याच थंडीच्या आठवड्यात पुन्हा लिहावे. आकडा उतरला नाही, तर पुढच्या टप्प्यावर पैसे घालण्याआधी उदबत्ती पुन्हा हातात घ्यावी आणि सुरुवात माळ्याच्या झाकणापासून करावी. बहुधा फट तिथेच राहिलेली असते.